निपाणीचे जुने घर विकताना: आधी डागडुजी की आधी कागद?

नोकरी-व्यवसायानिमित्त गोव्यात स्थायिक झालेल्या सीमाभागातील अनेक कुटुंबांचे एक घर अजून निपाणीत, चिकोडीत किंवा बेळगावात उभे असते. आई-वडील हयात असेपर्यंत त्या घरात माणसांची ये-जा राहते. त्यांच्यानंतर दाराला कुलूप लागते आणि वर्षातून एकदा, जत्रेच्या किंवा श्राद्धाच्या निमित्ताने ते उघडले जाते. दर खेपेस नवे काही तरी निघते. कधी माजघराच्या भिंतीला ओल आलेली असते, कधी वाशांना वाळवी लागलेली असते, तर कधी परसाच्या भिंतीत पिंपळाने मूळ धरलेले असते. मग विक्रीचा विषय निघतो आणि त्यापाठोपाठ एक सल्ला हमखास येतो: 'असेच विकू नका. थोडा खर्च करा, रंग काढा, फरशी घाला. किंमत वाढून येईल.'

हा सल्ला सर्वस्वी चुकीचा नाही. तो कोणत्या घराला लागू पडतो, हे मात्र सल्ला देणारा सहसा सांगत नाही. घर घेणारा नेमके काय विकत घेणार आहे, राहते घर की त्याखालची जागा, या एका प्रश्नाच्या उत्तरावर दुरुस्तीचा सगळा हिशेब उभा असतो. निपाणीच्या जुन्या गल्ल्यांमध्ये हे उत्तर बहुतेक वेळा 'जागा' असे येते.

गोव्याचा अनुभव येथे का चालत नाही

गोव्यातील वाचकाच्या डोळ्यांसमोर वेगळे चित्र असते. पोर्तुगीज काळातील जुनी घरे परप्रांतीय खरेदीदार हौसेने घेतात. बल्कांव, शिंपल्यांची तावदाने आणि उंच छप्पर असलेले नीट राखलेले घर पडीक घरापेक्षा कितीतरी अधिक किमतीला जाते. तेथे जुनेपणालाच किंमत असते. साहजिकच निपाणीच्या घरालाही तोच न्याय लावण्याचा मोह होतो.

निपाणी हे व्यापारी गाव आहे. पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गावर, कोल्हापूरहून सुमारे चाळीस किलोमीटरवर वसलेल्या या गावाची बाजारपेठ विडीच्या तंबाखूने मोठी केली. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी याच गावाजवळ महामार्गावर ठाण मांडून केलेले आंदोलन महाराष्ट्र-कर्नाटकाच्या शेतकरी चळवळीत आजही स्मरले जाते. या व्यापाराने गावाच्या घरांनाही आकार दिला. पुढे सोपा किंवा दुकान, मध्ये माजघर, वर माडी, मागे परसू आणि ज्यांचा व्यवहार मोठा त्यांची लगत वखार. दर्शनी बाजू अरुंद आणि खोली लांब अशा जागा, दोन्ही बाजूंना सामाईक भिंती. अशा घराचा खरेदीदार बहुधा लगतचा शेजारी असतो, ज्याला आपली जागा रुंद करायची आहे. किंवा तो व्यापारी असतो, ज्याला खाली गाळे आणि वर राहती घरे काढायची आहेत. दोघेही सोपा पाडणारच. त्यांच्या दृष्टीने नव्या फरशीची किंमत शून्य, किंबहुना ती उखडून टाकण्याची मजुरी धरली तर शून्याहूनही कमी.

गावाबाहेरच्या वसाहतींत गेल्या तीस-चाळीस वर्षांत बांधलेल्या स्लॅबच्या बंगल्यांची गोष्ट वेगळी आहे. ते घेणारा राहण्यासाठी घेतो. भोवतालच्या खेड्यांतील शेतकरी मुलांच्या शिक्षणासाठी गावात घर शोधतो, शिक्षक किंवा बँकेतील कर्मचारी निवृत्तीपूर्वी घर पाहतो. त्याला पहिल्या महिन्यात राहायला जायचे असते आणि त्यातही तो बँकेचे कर्ज काढणार असतो. बँकेचा मूल्यमापक गळके छप्पर आणि तडे पाहून आकडा खाली आणतो. अशा घराला मोजकी दुरुस्ती उपकारक ठरते.

म्हणून पहिले काम गवंड्याला बोलावण्याचे नाही. लगतच्या दोन्ही शेजाऱ्यांना भेटावे, अलीकडे त्याच गल्लीत झालेल्या दोन-तीन व्यवहारांची चौकशी करावी आणि ती घरे घेणाऱ्यांनी ती पाडली की राखली, एवढेच पाहावे. अर्ध्या दिवसाच्या या फेरफटक्यात जे कळते ते कोणत्याही दलालाच्या अंदाजपत्रकात सापडत नाही. शेजारी हा पुष्कळदा सर्वांत चांगला भाव देणारा गिऱ्हाईक असतो. मात्र गरज आपली आहे हे त्याच्या आधी लक्षात आले तर तोच सर्वांत कमी भाव देतो.

हिशेब मांडून पाहिल्यास

पुढील आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, जुन्या घराला आहे त्या स्थितीत २४ लाखांची मागणी आहे. दुरुस्तीचे अंदाजपत्रक ५ लाखांचे आहे आणि दुरुस्तीनंतर २९-३० लाख मिळतील असे सांगितले जाते. मातीच्या भिंतींच्या घरात गिलावा उकलल्यावरच आतली स्थिती कळते. तुळईचे टोक कुजलेले निघते, एक भिंत पुन्हा बांधावी लागते आणि ५ लाखांचे साडेसहा लाख होतात. काम आणि त्यानंतरचा गिऱ्हाइकाचा शोध यात दहा महिने गेले, तर २४ लाखांवर ७ टक्क्यांनी मिळू शकणारे व्याज १ लाख ४० हजार बुडाले. म्हणजे दुरुस्तीचा खर्च भरून निघण्यासाठीच घर ३१ लाख ९० हजारांना जायला हवे. २९ लाखांना गेले तर विक्रेत्याच्या हाती प्रत्यक्षात २१ लाख १० हजार पडले. म्हणजे दुरुस्ती करून जवळपास ३ लाखांचा तोटा झाला. यात गोव्याहून केलेल्या फेऱ्या, रजा आणि गवंड्याशी फोनवर घातलेले वाद धरलेले नाहीत.

दूर राहून करवून घेतलेले काम हा स्वतंत्र खर्च आहे. चोर्ला घाटातून बेळगावमार्गे असो की आंबोली-आजरा-गडहिंग्लज मार्गे असो, गोव्यातून निपाणीला जाऊन-येऊन एक दिवस मोडतो आणि पावसाळ्यात तोही भरवशाचा नसतो. देखरेखीशिवाय झालेल्या कामाचा दर्जा काय असतो, हे ज्याने असे काम एकदा करवून घेतले आहे त्याला सांगण्याची गरज नाही.

अमेरिकेत 'रीमॉडेलिंग' हे नियतकालिक घरदुरुस्तीचा खर्च आणि विक्रीत मिळणारा मोबदला यांची तुलना वर्षानुवर्षे प्रसिद्ध करीत आले आहे. तेथेही दर्शनी दार, गॅरेजचे दार यांसारख्या लहान, बाहेरून दिसणाऱ्या कामांचा खर्च उत्तम वसूल होतो आणि स्वयंपाकघराच्या संपूर्ण नूतनीकरणाचा बराचसा खर्च बुडतो, असे वारंवार दिसून आले आहे. ती बाजारपेठ सर्वस्वी निराळी आहे, पण मोठ्या कामापेक्षा लहान काम पदरात पडते हे तेथेही खरे ठरले आहे.

कोणते काम करावे, कोणते टाळावे

घर कोणत्याही प्रकारचे असो, शाकारणी मात्र चुकवू नये. विक्रीला वर्ष-दीड वर्ष लागू शकते. तेवढ्या काळात मृगाच्या आधी कौले चाळली नाहीत, फुटकी बदलली नाहीत, तर एका पावसाळ्यात पाणी भिंतीत उतरते. मातीची भिंत वरून भिजली की ती बसते आणि मग पडके घर म्हणून गिऱ्हाईक किंमत पाडून मागतो. मंगळुरी कौले, रिपा आणि पन्हळ यांवरचा खर्च किंमत वाढवीत नाही, ती घसरू देत नाही. सांडपाण्याची गटारे मोकळी करणे, परसातील झाडोरा काढणे, भिंतीतील पिंपळ-वड मुळासकट उपटणे, जुने सामान हलवणे, विजेची लोंबती तार बदलून घेणे ही कामे त्याच वर्गातील. रिकामे, कोरडे आणि उजेडाचे घर पाहणाऱ्याला मोठे वाटते. वखार असल्यास ती आठवडाभर उघडी ठेवून झाडून घ्यावी, कारण तंबाखूचा खकाणा आणि वास बंद खोलीत वर्षानुवर्षे टिकून राहतो.

मातीच्या किंवा पांढऱ्या मातीच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा करणे हे सर्वांत सर्रास होणारे आणि सर्वांत हानिकारक काम. अशी भिंत जमिनीतून ओल शोषते आणि पृष्ठभागावरून ती सोडत राहते. सिमेंटने तिचा श्वास कोंडतो, ओल आत साठते आणि दोन पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे भिंतीची माती घेऊन सुटतात. तेथे चुन्याची सफेदीच योग्य आणि ती स्वस्तही आहे. तोच प्रकार मातीच्या भिंतींवर अर्ध्या घरापुरता स्लॅब टाकण्याचा. जुन्या भिंती तो भार पेलण्यासाठी बांधलेल्याच नव्हत्या. भिंतीच्या कोपऱ्यापासून किंवा खिडकीच्या चौकटीपासून तिरपा गेलेला तडा असेल तर गवंड्याचे मत पुरेसे नाही. स्थापत्य अभियंत्याकडून पाहणी करून लेखी अभिप्राय घ्यावा. त्याचे शुल्क साऱ्या रंगकामापेक्षा कमी असते.

बंगल्याच्या बाबतीत गच्चीची गळती, न्हाणीघरातील ओल, नळ आणि वायरिंग एवढ्यावर थांबणे बरे. फरशीचा रंग, स्वयंपाकघराचा ओटा, छताची नक्षी या आवडीच्या गोष्टी आहेत आणि आवड घेणाऱ्याची चालते. सिमेंटवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणून आता दुरुस्ती परवडते असे काही कंत्राटदार सांगतात. दुरुस्तीच्या खर्चात मोठा वाटा मजुरीचा असतो, त्यामुळे या सवलतीने वरचा हिशेब फारसा बदलत नाही. बाहेरची भिंत, मजला किंवा छपराची उंची बदलायची असेल तर नगरसभेची परवानगी लागते. ती न घेता केलेले वाढीव बांधकाम विक्रीच्या वेळी गुण न ठरता दोष ठरते.

जुन्या सागवानाचा एक वेगळाच विषय आहे. कोरीव खांब, दारे, चौकटी यांना गोव्यातील हॉटेलांत आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांत मागणी असते. हे लाकूड काढून वेगळे विकावे, असा विचार काही विक्रेते करतात. तो करायचाच तर विसार घेण्यापूर्वी. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ८ नुसार, वेगळे काही ठरले नसल्यास घराबरोबर त्याची दारे, खिडक्या, कुलपे आणि कायमच्या वापरासाठी बसवलेल्या इतर वस्तूही खरेदीदाराकडे जातात. सीमाभागात ज्याला 'संचकार' म्हणतात तो करार झाल्यावर चौकटी निघाल्या तर भांडण न्यायालयात जाते.

खरी दुरुस्ती कागदांची

निपाणीतील घराची किंमत रंगापेक्षा कागदपत्रे जास्त वाढवतात. येथील कागदांची कुळकथा मात्र गुंतागुंतीची आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यापूर्वीची खरेदीखते, वाटणीपत्रे मराठीत, अनेकदा मोडी लिपीत आहेत. त्यानंतर कारभार म्हैसूर राज्यात आणि हळूहळू कन्नडमध्ये गेला. १९७३ मध्ये राज्याचे नाव कर्नाटक झाले, १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे अधिकृत नाव 'बेळगावी' झाले, तर चिकोडी तालुक्यातून वेगळा होऊन २०१८ मध्ये निपाणी तालुका अस्तित्वात आला. परिणामी एकाच घराच्या आजोबा, वडील आणि मुलगा यांच्या नावांवरील कागदांवर राज्य, जिल्हा, तालुका आणि लिपी अशा चारही गोष्टी वेगळ्या असू शकतात. त्यात नावांच्या लिखाणातील फरक मिसळतात. मोडीतले 'नाईक' कन्नडमध्ये वेगळे लिहिले जाते, आधार कार्डावर तिसरेच उमटते. खरेदीदाराचा वकील नेमका याच ठिकाणी अडतो.

हे कागद लावायला काही महिने जातात, म्हणून सुरुवात येथूनच करावी. मोडी दस्तऐवजांचे लिप्यंतर करून देणारे जाणकार कोल्हापुरात मिळतात. सिटी सर्व्हेचा उतारा, नगरसभेकडील खाते, घरपट्टीच्या पावत्या आणि उपनिबंधक कार्यालयातील ऋणभार प्रमाणपत्र, ज्याला बोलीत सारे जण 'ईसी' म्हणतात, हे चार कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत. गोव्यात एक-चौदाचा उतारा पाहायची सवय असलेल्यांना हे सगळे नवे वाटेल. कर्नाटकात ऑक्टोबर २०२४ पासून नागरी भागातील मालमत्तेच्या नोंदणीसाठी ई-खाता अनिवार्य झाला आहे. नगरसभेच्या दप्तरी मालक म्हणून अजून दिवंगत वडिलांचे किंवा आजोबांचे नाव असेल, तर आधी वारसा लावावा लागतो. त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि नाडकचेरीतून मिळणारा वंशवृक्ष लागतो. प्रत्यक्ष मोजलेले क्षेत्र आणि कागदावरील क्षेत्र यांत तफावत असल्यास तीही याच वेळी निस्तरावी. जागेच्या भावाने विकल्या जाणाऱ्या घरात चार-पाच चौरस मीटरचा फरक सगळ्या रंगकामाच्या खर्चाहून मोठा भरतो.

घर निपाणीचे म्हणून ओळखले जात असले तरी ते कोणत्या राज्यात आहे, हेही पाहून घ्यावे. गावाला लागून असलेले अर्जुननगर, जेथे देवचंद महाविद्यालय आहे, ते कोल्हापूर जिल्ह्यातील कागल तालुक्यात येते. तेथील घराला वरीलपैकी ई-खात्याचे काहीही लागू नाही. तेथे महाराष्ट्राचे मुद्रांक शुल्क, महाराष्ट्राचे दस्त आणि महाराष्ट्रातील नोंदणी कार्यालय. सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राने दाखल केलेला दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याच्या निकालाची वाट पाहून घर विकण्याचे ठरवणारे कोणी नसेल, पण 'उद्या निपाणी महाराष्ट्रात गेली तर भाव वाढेल' असे म्हणून सह्या लांबवणारा एखादा भाऊबंद मात्र हटकून भेटतो.

वारसांच्या सह्या आणि दुरुस्तीचा खर्च

बहुतेक विक्री रखडते ती येथे. घर तिघा-चौघा भावंडांचे असते. एक गावात राहतो आणि घरपट्टी भरत आलेला असतो. एक गोव्यात असतो, त्याच्याकडे पैसा असतो. बहिणींना कोणी विचारलेले नसते. गोव्यातील भाऊ उत्साहाने दुरुस्तीचे ४ लाख घालतो, वर्षभराने घर विकले जाते आणि वाटणीच्या वेळी तो ४ लाख आधी बाजूला काढायला सांगतो. गावातला भाऊ म्हणतो, 'मला विचारून केलेस का?' बहीण म्हणते, 'मला तर कळलेही नाही.' ज्या घरात एकत्र वाढले त्याच घरापायी भावंडे बोलेनाशी झाल्याची उदाहरणे सीमाभागात कमी नाहीत. भांडणाचे कारण पुष्कळदा घराची किंमत नसून हा दुरुस्तीचा खर्च असतो.

दुरुस्ती करायचीच ठरली तर एक पानी लेखी समजूत आधी व्हावी. तीत खर्चाची कमाल मर्यादा, पैसे कोण घालणार, विक्रीतून ते प्रथम वळते होणार की नाही आणि घर ठरलेल्या किमतीला गेले नाही तर तोटा कोणाचा, एवढे लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. 'सर्वांच्या' या शब्दात बहिणी आल्याच. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत, मृत्युपत्र नसल्यास, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी मुलाइतकीच वारस आहे. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत ९ सप्टेंबर २००५ पासून ती जन्माने सहदायाद आहे. त्या तारखेला वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. बहिणीला हिस्सा नको असेल तर तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावे. 'ती काही म्हणणार नाही' या भरवशावर सुजाण खरेदीदार विसार देत नाही.

गोव्यातील कुटुंबांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. गोव्याचा अधिवासी असलेल्या व्यक्तीच्या वारसाहक्काला, मालमत्ता गोव्याबाहेर भारतात कोठेही असली तरी, गोव्यात लागू असलेली पोर्तुगीज नागरी संहिताच लागू होते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१९ रोजी जुझे पावलू कुतिन्यो खटल्यात दिला. निपाणीहून आलेली, दोन पिढ्या गोव्यात राहिलेली व्यक्ती अधिवासी ठरते की नाही, हे प्रत्येक कुटुंबाच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. ती ठरली तर वारसांची प्रक्रिया आणि जोडीदाराचा हक्क हे दोन्ही बदलतात. मालक गोव्यात वारले असतील तर हा प्रश्न विक्रीपूर्वी वकिलाकडून लेखी सोडवून घ्यावा. निपाणीतील दस्तलेखकाकडून याचे उत्तर मिळण्याची अपेक्षा ठेवू नये.

कराच्या दृष्टीने दुरुस्ती

दुरुस्तीचा खर्च भांडवली नफ्यातून वजा होतो, म्हणून तो करावा, असेही सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. घरात टिकाऊ सुधारणा करणारा खर्च, म्हणजे नवे छप्पर, नवी खोली, पक्की भिंत, वजा होतो. रंगरंगोटी आणि किरकोळ डागडुजी होत नाही. बिले आणि बँकेतून दिलेल्या रकमांचा पुरावा नसेल तर काहीच होत नाही. सुधारणेवर ४ लाख खर्च झाले आणि दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर असेल तर वाचणारा कर ५० हजार, उपकर धरून ५२ हजार. उरलेले साडेतीन लाख किमतीतून यायला हवेत.

त्यापेक्षा मोठी बचत जुन्या किमतीच्या पुराव्यात आहे. वारशाने आलेल्या घरासाठी मूळ मालकाची खरेदी किंमत आणि त्याची तारीख धरली जाते. घर १ एप्रिल २००१ पूर्वीचे असेल तर त्या दिवशीचे बाजारमूल्य घेता येते, मात्र ते त्या दिवशीच्या शासकीय मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यमापकाचा अहवाल करून घ्यावा. २३ जुलै २०२४ पूर्वी मिळालेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांक न धरता १२.५ टक्के किंवा निर्देशांक धरून २० टक्के, यांतील कमी पडेल तो कर भरता येतो. नफा ठरावीक मुदतीत दुसऱ्या राहत्या घरात गुंतवल्यास सूट मिळते. खरेदीसाठी विक्रीनंतर दोन वर्षे, बांधकामासाठी तीन वर्षे. विनिर्दिष्ट रोख्यांत सहा महिन्यांच्या आत ५० लाखांपर्यंत रक्कम ठेवण्याचाही मार्ग आहे. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, हे सनदी लेखापालाशी बोलताना ध्यानात असू द्यावे. भावंडांपैकी कोणी परदेशात असेल तर त्याच्या हिश्श्यावर खरेदीदाराला मोठी करकपात करावी लागते. कमी कपातीचा दाखला आधी न काढल्यास व्यवहार शेवटच्या आठवड्यात अडतो.

कागदावर किंमत कमी दाखवण्याचा प्रघात जुना आहे आणि तो विक्रेत्याच्याच गळ्याशी येतो. उपनिबंधक कार्यालयाचे मार्गदर्शी मूल्य दस्तातील किमतीच्या ११० टक्क्यांहून अधिक असेल तर कर त्या मूल्यावर आकारला जातो. मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास मनाई आहे. ५० लाख आणि त्यावरील व्यवहारात खरेदीदाराने एक टक्का कर कापायचा असतो. खरेदीदाराच्या बाजूनेही खर्च वाढला आहे. कर्नाटकात ३१ ऑगस्ट २०२५ पासून नोंदणी फी एक टक्क्यावरून दोन टक्के झाली आणि पाच टक्के मुद्रांक शुल्क व त्यावरील उपकर-अधिभार वेगळे. तो आपले एकूण अंदाजपत्रक पाहूनच घासाघीस करतो, याचे भान विक्रेत्याने ठेवावे.

रंगाखाली झाकलेला तडा

विक्रीपूर्वी रंग काढण्यात एक धोका आहे आणि तो केवळ नैतिक नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला सामान्य काळजी घेऊनही दिसणार नाही असा घरातील किंवा मालकी हक्कातील महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. तो दडवणे फसवणुकीत मोडते. वाळवी लागलेल्या तुळईला रंग देऊन, बसत चाललेल्या भिंतीवर नवा गिलावा चढवून घर विकले आणि पुढच्या पावसाळ्यात माडी खचली, तर प्रश्न पैशांपुरता राहत नाही. आहे त्या स्थितीत, दोष सांगून आणि ते खरेदीखतात नमूद करून विकलेले घर किंमत थोडी कमी देते, पण विक्रेत्याला पुढची दहा वर्षे शांत झोप देते. अभियंत्याचा लेखी अभिप्राय येथे दुसऱ्यांदा उपयोगी पडतो, कारण तो दाखवून घासाघीशीला मर्यादा घालता येते.

नोंदणीच्या दिवशी

बेळगाव जिल्ह्यातील मालमत्तेचा दस्त आता जिल्ह्यातील कोणत्याही उपनिबंधक कार्यालयात नोंदवता येतो. त्यामुळे गोव्याहून येणाऱ्यांना निपाणीऐवजी बेळगाव सोयीचे पडू शकते. ज्या वारसाला येणे शक्य नाही त्याने दिलेले मुखत्यारपत्र केवळ नोटरीकडून न करता गोव्यातील आपल्या भागाच्या उपनिबंधकासमोर साक्षांकित करून घेणे सुरक्षित. दस्त बहुधा कन्नडमध्ये लिहिलेला असतो. कन्नड वाचता येत नसेल तर व्यवहाराशी संबंध नसलेल्या जाणकाराकडून तो सह्यांच्या आदल्या दिवशी ओळीने वाचून, मराठीत समजून घ्यावा. चतुःसीमा, क्षेत्र, सामाईक भिंतीचा हक्क आणि 'आहे त्या स्थितीत' हे शब्द, या चार ठिकाणी बोट ठेवून वाचावे.

ताबा देण्यापूर्वी हेस्कॉमचे शेवटचे वीजबिल आणि नळपट्टी भरून पावत्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि मीटर खरेदीदाराच्या नावावर करण्याचा अर्ज त्याच दिवशी सही करून द्यावा. नाही तर थकबाकीच्या नोटिसा वर्षानुवर्षे जुन्या मालकाच्या नावाने येत राहतात. माळ्यावरच्या पेट्या, भांडी, जुने दस्त यांची झडती सर्व भावंडांनी मिळून घ्यावी. हरवले म्हणून समजलेले वाटणीपत्र पुष्कळदा तेथेच सापडते. देवघरातील टाक आणि मूर्ती कोणाकडे जाणार, हे विसार घेण्यापूर्वीच ठरवावे. एरवी सगळा व्यवहार ठरल्यावर त्यावरून महिनाभर अडून बसलेली घरे निपाणीत आहेत.